परक्या आडनावावर मनन

आजच्या मननासाठी एक आडनाव घेऊ. स्वतःचं नको. स्वतःचं घेतलं की त्याच्यामागून जात येते, गाव येतं, भावकीतले जुने हिशेब येतात, आणि मन बघायचं सोडून वकिली करायला लागतं. ज्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही असं आडनाव बरं. आपण घेणार आहोत ते इंग्रजी आहे, इंग्लंडातही विरळाच सापडतं, पण तुमच्या कानावरून नक्की गेलेलं आहे: अॅटनबरो.

हे ऐकल्याबरोबर दोन चेहरे समोर येतील. एक 'गांधी' चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड अॅटनबरो, दुसरे त्यांचे धाकटे भाऊ डेव्हिड, ज्यांच्या आवाजात निम्म्या जगाने जंगलं आणि समुद्र पाहिले. हे चेहरे तूर्त बाजूला ठेवा. नाव सावकाश उच्चारा. अॅ-ट-न-ब-रो. मन चेहऱ्यांकडे धावेल. धावू द्या, रागवू नका, हळूच परत आणा. नुसतं नाव उरलं की पुढे जाऊ.

इंग्लंडच्या मध्यभागी, नॉटिंगहॅमशायर परगण्यात, ट्रेंट नदीच्या काठी अॅटनबरो नावाचं लहानसं गाव आहे. नॉटिंगहॅमहून डर्बीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर त्याचं स्टेशन आहे. सेंट मेरीचं जुनं चर्च आहे. याच गावात १६११ साली हेन्री आयर्टन जन्मला, जो पुढे ऑलिव्हर क्रॉमवेलचा सेनानी आणि जावई झाला. गावाला लागून मोठमोठी तळी आहेत. ती मुळातलीच वाटतात, पण तशी नाहीत. १९२९ पासून इथे नदीकाठची खडी उपसली गेली. खड्डे पडले, त्यांत पाणी भरलं, पाण्यावर पक्षी आले. १९६६ साली तिथे पक्ष्यांसाठी आणि झाडाझुडपांसाठी राखीव क्षेत्र झालं, आणि त्याच्या उद्घाटनाला बोलावलं डेव्हिड अॅटनबरोंना. गावाचं नाव लावणारा माणूस गावात पाहुणा म्हणून आला.

गावाचं हे नाव तरी कुठून आलं? स्थलनामांचे अभ्यासक सांगतात की त्यात 'अद्दा' किंवा त्याच्या जवळपासचं एक माणसाचं नाव दडलंय आणि पुढचा भाग तटबंदीचा आहे. म्हणजे अद्दाचा कोट. हा अद्दा नॉर्मन लोक इंग्लंडात उतरण्याआधीच्या काळातला. त्याची शेती, त्याची भांडणं, त्याची बायकामुलं, सगळं मातीला मिळालं. तट गेला, कोट गेला. एक नाव तेवढं गावाच्या तोंडी राहिलं, आणि गावाकडून ते माणसांकडे गेलं.

इथे जरा थांबा. कुणी 'डेव्हिड अॅटनबरो' म्हणतं तेव्हा अद्दाचं नाव घेतलं जातं, आणि ते घेणाऱ्याला अद्दा आठवत नाही. आपण रोज उच्चारतो त्या नावांत असे किती अद्दा असतील, एवढाच विचार मनात फिरू द्या. उत्तराची घाई नको.

आता नाव गावातून बाहेर पडतानाचा क्षण पाहू.

गावात राहणाऱ्याला गावाचं नाव लागत नाही. तिथे तर सगळेच त्या गावचे. ते नाव चिकटतं गाव सोडल्यावर, दुसऱ्या गावच्या लोकांनी विचारल्यावर. आपल्याकडच्या 'कर' आडनावाच्या मंडळींना हे सांगायला नको. चिपळूणकराची ओळख चिपळुणाबाहेर पडल्यावरच लागते. इंग्लंडातही हेच घडलं. १०६६ साली नॉर्मन उतरले, त्यानंतर आधी सरदार-जमीनदारांना आडनावं लागली, मग शेतकऱ्यांना, कारागिरांना, मजुरांना. १४०० च्या सुमारास बहुतेक इंग्रज घरांत आडनाव बापाकडून मुलाकडे जायला लागलं होतं. सरकारलाही ते हवंच होतं. १३७७, १३७९ आणि १३८१ साली डोईपट्टी बसवली गेली. पट्टी वसूल करायची तर याद्या हव्यात, आणि एका गावात सात जॉन असतील तर कुठल्या जॉनकडून घ्यायची? अॅटनबरोहून आलेल्या जॉनकडून. कारकुनाची सोय झाली, आणि आडनाव झालं.

तेव्हा हा पहिला माणूस डोळ्यांसमोर आणा. कामासाठी, लग्नासाठी, जमिनीच्या तुकड्यासाठी किंवा नुसत्या कंटाळ्यानेही तो नदीकाठचं गाव सोडून निघालाय. त्याला घराणं स्थापन करायचं नाही. आपल्या मागे शेकडो वर्षं हे नाव चालणार आहे, हे त्याच्या ध्यानीमनीही नाही. गाव सुटल्याची खूण म्हणून लोकांनी ते त्याच्या पाठीला लावलंय. ज्याला आपण पुढे घराण्याची प्रतिष्ठा म्हणतो, त्याची सुरुवात अशी कुणीतरी परका म्हणून दारात उभं राहण्यात असते. हे नीट मनात उतरू द्या.

पुढची पायरी वहीची.

१५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवावी. वही पेटीत ठेवायची, पेटीला दोन कुलपं, एक किल्ली पाद्र्याकडे, दुसरी चर्चच्या कारभाऱ्यांकडे. आठवड्यातून एकदा, रविवारी, कारभाऱ्यासमोर पेटी उघडायची आणि आठवड्यात बाप्तिस्मा झालेल्या, लग्न लागलेल्या, दफन झालेल्या माणसांची नावं लिहायची.

ते दृश्य जवळून पाहा. समोर बाळ घेतलेला बाप. त्याला लिहिता-वाचता येत नाही. तो आपल्या बोलीत आपलं नाव सांगतो. लिहिणारा कानाला जसं लागलं तसं लिहितो. पुढच्या मुलाच्या वेळी लिहिणारा दुसरा, त्याचा कान दुसरा. म्हणून एकाच रक्ताची माणसं कुठे अॅटनबरो, कुठे अॅटनबर्रो, कुठे अॅटनबरा झाली. ह्यातलं बरोबर कोणतं, हे ठरवणारं तेव्हा कुणी नव्हतं. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली, शाळा वाढल्या, लोक स्वतःची सही करू लागले, तेव्हा कुठे अक्षरं जागच्या जागी बसली. अक्षरावरून हमरीतुमरीवर येणाऱ्या माणसाने हा रविवार अधूनमधून आठवावा.

आता जी माणसं उरली नाहीत त्यांच्याकडे वळू. मननाचा हा भाग सर्वांत सावकाश करायचा आहे.

१३४८-४९ साली इंग्लंडात प्लेग आला आणि लोकसंख्येचा तिसरा हिस्सा तरी, कदाचित निम्मा, घेऊन गेला. आडनावं नुकती कुठे रुजत होती. कितीतरी नावं दोन पिढ्याही जगली नाहीत. पण आडनाव मरायला प्लेगच लागतो असंही नाही. व्हिक्टोरियाच्या काळात फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाला प्रश्न पडला की मोठमोठ्या माणसांची घराणी बुडतात का. १८७३ साली त्याने हे कोडं गणितज्ञांपुढे ठेवलं, आणि हेन्री वॉटसन या पाद्र्याने ते सोडवायला घेतलं. पुढच्या वर्षी दोघांनी मिळून घराण्यांच्या विलोपनावर निबंध प्रसिद्ध केला. त्यातलं अंतिम उत्तर पुढच्यांना दुरुस्त करावं लागलं, पण वाट खरी होती. आज अणुभट्टीतली साखळी प्रक्रिया समजून घ्यायलाही तेच गणित वापरतात.

त्या गणिताचं सार असं. दर बापामागे सरासरी एकच मुलगा मोठा होतो असं धरा. कुणाला तीन, कुणाला एक, कुणाला नाही. कुणाची काही चूक नाही, शाप नाही, पाप नाही. नुसत्या योगायोगाच्या चढउताराने वीस पिढ्यांत शंभरातली नव्वदच्या आसपास नावं बुडतात. कुणाला मुलीच झाल्या, कुणी लग्नच केलं नाही, कुणी जहाजावर गेला तो परतला नाही. आणि उरलेली दहाएक नावं? त्यांच्यात विशेष काही होतं म्हणून ती उरलेली नाहीत. कुणीतरी उरणारच होतं.

'आमचं घराणं टिकलं' या वाक्यातला 'आमचं' शब्द इथे थोडा सैल करून पाहा. टिकलं हे खरं. आम्ही टिकवलं, हे तितकंसं खरं नाही.

आता आपण लेस्टर शहरात येऊ. अॅटनबरो गावापासून फार लांब नाही.

पुरुषाच्या पेशीतलं वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. इंग्लंडात आडनावही त्याच वाटेने जातं. मग दोघांचा मेळ बसतो का? लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० आडनावांचे १,६७८ पुरुष तपासले आणि २००९ साली निष्कर्ष मांडले. स्मिथ आडनावाच्या दोन पुरुषांत रस्त्यावरच्या कुठल्याही दोघांपेक्षा जास्त नातं दिसेना. स्मिथ म्हणजे लोहार. लोहार गावोगाव होते, त्यामुळे स्मिथही गावोगाव जन्मले. विरळ आडनावांचं मात्र तसं नव्हतं. अॅटनबरोंमध्ये, अक्षरं कशीही असोत, दहांतल्या जवळपास नऊ जणांचं वाय गुणसूत्र एकाच प्रकारचं निघालं. म्हणजे आजचे बहुतेक अॅटनबरो एकाच पुरुषाचे वंशज असावेत.

इथे मन लगेच म्हणेल, बघा, एकच मूळपुरुष! थांबा. गाव सोडून निघालेले अॅटनबरो त्या काळात अनेक असू शकतात. गणिताने बाकीच्यांच्या शाखा एकेक करून मालवल्या आणि एकाची फोफावली, असंही असेल. आज जो मूळपुरुष वाटतो तो कदाचित बऱ्याच जणांतला नशीबवान एवढाच.

आणि आता नऊ जणांना सोडून दहाव्याजवळ बसा. त्याचं आडनाव तेच, गुणसूत्र वेगळं. त्याच्या मागे कुठेतरी एखादी अविवाहित आई आहे, जिने आपलं नाव बाळाला दिलं. किंवा अनाथ मूल आहे, जे कुणी घरात घेतलं. सावत्र बाप आहे. जावई आहे, ज्याने इस्टेटीसाठी सासऱ्याचं आडनाव लावलं. किंवा चारचौघांत न बोललेली एखादी गोष्ट आहे. तो दहावा कमी अॅटनबरो आहे का? त्याला भाकरी त्या घराने घातली, नाव त्या घराने दिलं, दफनही त्या घराच्या नावाने झालं. प्रयोगशाळेच्या कागदावर तो वेगळा निघतो. घराच्या हिशेबात तो घरचाच.

याच संशोधकांच्या गटाला २००७ साली यॉर्कशायरमधल्या एका विरळ आडनावाचे १८ पुरुष तपासताना ७ जणांत पश्चिम आफ्रिकेतला गुणसूत्र-प्रकार सापडला. वरून पाहता सगळे गोरे, पिढ्यान् पिढ्यांचे यॉर्कशायरवासी. शेकडो वर्षांपूर्वी कुणी आफ्रिकन पुरुष इंग्लंडात आला होता, आणि त्याची खूण एका अस्सल इंग्रज आडनावाआड राहत होती.

मग राजाचीच कथा. २०१२ साली लेस्टरमध्येच एका गाडीतळाखाली सांगाडा सापडला. तो १४८५ साली लढाईत पडलेल्या तिसऱ्या रिचर्ड राजाचा निघाला. ओळख कशी पटली? राजाच्या बहिणीपासून आईकडून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे अशी उतरलेली मायेची वाट आजच्या वंशजांपर्यंत अखंड निघाली, आणि तिथला डीएनए जुळला. पुरुषांच्या वाटेने आलेले पाच नातलगही तपासले. कागदोपत्री वंशावळ चोख, घराणं सरदारांचं. त्यांच्यातल्या एकाचंही वाय गुणसूत्र राजाशी जुळलं नाही. ज्या वाटेची वंशावळ लोकांनी जपली ती कुठेतरी तुटलेली होती, आणि जिची आडनावं दर पिढीला बदलत गेली ती शाबूत होती.

या वाक्यावर जितकं हवं तितकं रेंगाळा. मग आपण बाजूला ठेवलेल्या दोन भावांना परत बोलावू.

त्यांचे वडील फ्रेडरिक अॅटनबरो १८८७ साली स्टेपलफर्डला जन्मले. हे ठिकाण अॅटनबरो गावापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. पाच-सहा शतकांत नाव जेमतेम काही मैल सरकलं होतं. १८८१ च्या जनगणनेतही हे आडनाव नॉटिंगहॅमशायर आणि डर्बीशायर याच पट्ट्यात दाटलेलं दिसतं. फ्रेडरिक जुन्या इंग्रजीचे अभ्यासक झाले. इंग्लंडच्या सर्वांत आधीच्या राजांचे कायदे त्यांनी १९२२ साली संपादित करून प्रसिद्ध केले. अद्दाच्या भाषेतले कायदे, अद्दाचं नाव वागवणाऱ्या माणसाने. पुढे १९३२ ते १९५१ ते लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य होते. तेच कॉलेज आजचं लेस्टर विद्यापीठ, जिथे अॅटनबरो नावाची उंच इमारत आहे आणि जिथे अॅटनबरोंची गुणसूत्रं तपासली गेली.

आई मेरी, माहेरची क्लेग. तिचे वडील सॅम्युएल क्लेग जवळच्याच लाँग ईटनला हेडमास्तर होते. रिचर्ड आणि डेव्हिड जितके अॅटनबरो तितकेच क्लेग. पण ते आडनाव कुणी घेत नाही. १९३९ साली बर्लिनहून आयरीन आणि हेल्गा या दोन ज्यू बहिणी लेस्टरला आल्या. त्यांना पुढे अमेरिकेत नातलगांकडे जायचं होतं. युद्ध पेटलं, वाट बंद झाली. मेरी आणि फ्रेडरिक यांनी तीन मुलगे असलेल्या घरात दोघींना ठेवून घेतलं, आणि त्या काही वर्षं तिथे मुलींसारख्या वाढल्या. आडनाव त्यांचं त्यांच्याकडेच राहिलं. वाय गुणसूत्राच्या कुठल्याही तपासणीत त्या दिसणार नाहीत. तरी त्या घरात जेवणाच्या टेबलाभोवती पाच मुलं होती.

आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैयाही इथे आठवतात. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ साली त्यांना जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळालं, ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. माहेरच्या त्या राजोपाध्ये. पुरस्कारावर सासरचं नाव आहे. चित्रकार वडिलांच्या घरात तयार झालेली नजर मात्र माहेराहून आलेली.

आता थोडं मोजू. आईवडील दोन, आजी-आजोबा चार, पणज्या-पणजोबा आठ. असं दहा पिढ्या मागे गेलं की १,०२४ जागा होतात. त्यातल्या एकाच माणसाकडून आडनाव सरळ खाली आलेलं असतं. बाकी १,०२३ जणांनीही आपल्याला नाक, आवाज, दुखणी, गाण्याचा कान दिला. आडनाव म्हणजे पालखी, आणि खांदा दिलेल्यांपैकी फक्त पुढच्या दांडीवरच्या एकाचं नाव ऐकू येतंय.

आज हे नाव कुठे कुठे आहे? इंग्लंडच्या मध्यभागात अजून आहे, समुद्रापलीकडेही गेलंय. पण माणसांबाहेरही ते पसरलंय. फिलिपिन्समधल्या पालावान बेटावरच्या एका मोठ्या कीटकभक्षी घटपर्णीला २००९ साली डेव्हिड यांचं नाव दिलं गेलं. पापुआतल्या सायक्लोप्स डोंगरातल्या, लांब चोचीच्या, अंडी घालणाऱ्या एका सस्तन प्राण्याला ते १९९८ पासून आहे. हा प्राणी नाहीसा झाला की काय अशी शंका होती, २०२३ साली तो कॅमेऱ्यात सापडला. पश्चिम ऑस्ट्रेलियात सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात एका माशाचं जीवाश्म मिळालं, मादीच्या पोटात पिल्लू आणि त्याची नाळही दगड झालेली. २००८ साली त्या माशाच्या जातीला अॅटनबरोंचं नाव लागलं. शतकानुशतकं बहुतेक बापाकडून मुलाकडेच गेलेलं हे आडनाव असं नाळेसकट एका आईला मिळालं. ह्या कुणातही त्यांचं रक्त नाही. आपुलकीने, आदराने दिलेलं नाव आहे. दहाव्या अॅटनबरोला मिळालं तसंच.

आता स्वतःचं आडनाव घ्यायला हरकत नाही. ते सावकाश म्हणा. ते कुणी गाव सोडल्याची खूण असेल, कुणाच्या हुद्द्याची, कुणाला चिडवून ठेवलेली. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं असेल. ते तुमच्यापर्यंत आलं याचा अभिमान वाटला तर वाटू द्या, लाज वाटली तर तीही. मग एवढंच पाहा की त्यात तुमचं कर्तृत्व किती आणि निव्वळ योग किती.

आणि मनन करून उठल्यावर एक काम करायचं. कागद घ्या, आपल्या दोन्ही आज्यांची आणि चारही पणज्यांची माहेरची आडनावं लिहा. बहुतेकांची यादी दुसऱ्या-तिसऱ्या नावाशी अडेल. अडली की घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला फोन लावा. ते नाव कुठल्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही. ते सांगू शकणारं माणूस अजून आहे तोवरच मिळेल.